गाळणीबाईचा बंधारा

४ सप्टेंबर

भरला! काठोकाठ भरला! सकाळीच पंपवाल्याचा फोन — "बाई, या, तुमचं लेकरू बघून जा." चहा तसाच टाकून पळाले.

बंधाऱ्याच्या भिंतीवर अख्खं वरचं गाव उभं. फोटो काढणं चाललेलं. हेच लोक मागच्या वर्षी दात काढत होते. पाऊस संपून महिना-दीड महिना झाला नाही तोवर पाणी खाली बसलं, तेव्हा बंधाऱ्याचं नाव पडलं गळका आणि माझं पडलं गाळणीबाई. पोरंसोरं मागे ओरडत यायची. कितीदा सांगितलं — अरे, हा बंधारा पाणी साठवायला नाही, जिरवायला आहे! तळाशी भेगाळ खडकाचा पट्टा आहे, तो बघूनच मी ही जागा निवडली. त्या भेगांतून पाणी आत उतरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. पण न दिसणाऱ्या पाण्यावर कोण विश्वास ठेवतो? घसा कोरडा पडला, शेवटी नाद सोडला.

भिंतीवर ताई भेटली. खालच्या वस्तीतल्या बायकांबरोबर वरच्या विहिरीला पाण्याला निघालेली, कमरेवर हंडा. मला बघून असा काही चेहरा खुलला! सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता म्हणावं कुणी गळका!" माझ्यापेक्षा तिलाच जास्त चढलंय. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

१९ सप्टेंबर

साहेबांनी भरलेल्या बंधाऱ्याचा फोटो मोठा करून कचेरीत लावला, माझ्या टेबलामागच्या भिंतीवर, जिथे ओल आलीय तिथे. ओल झाकली गेली. म्हणाले, "पुढचे दोन्ही असेच हवेत. असेच म्हणजे अस्सेच." दुसरा बंधारा पंपवाल्याच्या जमिनीत येतो. तो जागा द्यायला तयार आहे. तिसरा त्याच्याही खाली, वस्तीच्या अगदी वर. तिन्ही झाले तर वस्तीला निदान प्यायला तरी वर चढावं लागणार नाही.

आराखडा काढायला बसले. बऱ्याच दिवसांनी पेन्सिल हातात गोड लागली.

६ ऑक्टोबर

काहीतरी बिनसलंय.

पाऊस थांबून किती दिवस झाले, बंधाऱ्यातलं पाणी हलायला तयार नाही. एव्हाना निम्मं तरी उतरायला हवं होतं. खाली वस्तीत गेले, विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला. खट्! कोरडा आवाज. गेल्या वर्षी याच दिवसांत, त्या 'गळक्या' बंधाऱ्यावर, विहिरीच्या खालच्या पायऱ्या बुडल्या होत्या. थोडंच होतं, पण होतं.

ताई म्हणाली, "येईल गं. वर एवढं पाणी दिसतंय, जाईल कुठे?"

भाऊजी खाटेची दोरी आवळत बसले होते, आवळतच राहिले. वस्तीचं ठरलंय ते मला माहीत आहे. उन्हाळ्याआधी विहिरीला पाणी लागलं नाही तर सगळ्यांनी वीटभट्टीवर जायचं, घरं बंद करून, पोराबाळांसकट. ठेकेदार दोनदा येऊन गेला. ताईनेच सगळ्यांना धरून ठेवलंय — "माझी बहीण पाणी आणणार." बायका ऐकतात तिचं. भाऊजीही ऐकतात, अजून तरी.

एकदा भट्टीवर गेलेली घरं परत उघडलेली मी बघितलेली नाहीत.

२० ऑक्टोबर

पाणी तेवढंच. आकडे पुन्हा मांडले, सगळं बरोबर येतंय. मग विहीर का कोरडी? डोकं चालत नाही.

९ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं, पाणी जिरत नाहीये. ते खुर्चीत मागे रेलले. "बाई, मागच्या वर्षी पाणी टिकत नाही म्हणून लोक रडत होते. यंदा टिकतंय म्हणून तुम्ही रडताय. भरल्या ताटावर रडणारं माणूस पहिल्यांदा बघतोय."

मी म्हटलं, "ताट भरलंय वरच्यांचं. बंधारा खालच्यांसाठी आहे."

"हळूहळू मुरेल हो."

हळूहळू! इकडे पंपवाल्याचं इंजिन दिवसभर धडधडतंय. ओढ्याकडेची त्याची जमीन हिरवीगार. थंडीच्या दिवसांत तिथे हिरवं काही उगवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाणी आटतंय ते फक्त त्याच्या पाइपातून. मला बघून हात हलवतो, हसतो. पूर्वी नाही हसायचा.

२ डिसेंबर

आज पाण्यात उतरले. साडी खोचली, लांब लोखंडी गज घेतला, छातीपर्यंत पाणी. अंग लाकूड झालं. भेगाळ पट्ट्याची जागा मला झोपेतही सापडेल. गज खडकावर ठण्ण वाजायला हवा होता. वाजला नाही! लोण्यात शिरावा तसा आत शिरला. ओढून काढला तर टोकाला पिवळी चिकणमाती.

ही माती गाळाबरोबर वाहून आलेली नाही. गाळ वर आहे, काळा, सैल. त्याच्याखाली हा पिवळा थर — घट्ट, चोपून बसवलेला. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे गज घातला तिथे. पट्टा सोडून बाजूला घातला की ठण्ण!

कुणीतरी माझ्या भेगा लिंपल्यात. पावसाच्या आधी, बंधारा कोरडा असताना. मुद्दाम.

कोणाचा फायदा झालाय ते शेंबडं पोरही सांगेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. म्हणून हसतो काय रे माझ्याकडे बघून!

थरथरत वस्तीत गेले. ताई पाण्याला गेलेली. भाऊजींनी चूल पेटवून दिली, तिच्यापाशी बसून कपडे वाळवले. त्यांना काही सांगितलं नाही. आता मुद्देमाल हातात घेऊनच बोलायचं, सगळ्यांदेखत.

१० डिसेंबर

सभा झाली. शाळेच्या आवारात, दुपारी. दुपार मी हट्टाने मागून घेतली. सकाळी ठेवली की वस्तीतल्या बायका पाण्याला गेलेल्या असतात. आतापर्यंतच्या सगळ्या सभा तशाच झाल्या. मीच चिडायचे, या बायांना स्वतःच्या भल्याची पडलेली नाही म्हणून. आज त्या समोर हव्या होत्या. त्यांचं पाणी कुणी अडवलं ते त्यांना दिसू दे.

मातीचा गोळा टेबलावर ठेवला. पहिल्यापासून सांगितलं — खडक, भेगा, पाणी कसं खाली उतरतं, विहिरीला कसं लागतं. वस्तीतल्या बायका पहिल्यांदाच एवढ्या कान देऊन ऐकत होत्या. मग मी पंपवाल्याकडे बोट केलं. "ज्याचं इंजिन थांबत नाही, त्यानेच ही माती घातली."

तो उठला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. तोंड उतरलेलं. म्हणाला, "बाई, पाणी समोर होतं म्हणून मी घेतलं, ते कबूल. पण माझ्या पोरांची शपथ, मातीला मी हात लावलेला नाही. तुम्हाला वडिलांची जमीन द्यायला निघालो होतो. ती आता मिळायची नाही. तुमचा बंधारा कचेरीत बांधा." आणि निघाला. त्याच्यामागे वरचं गाव उठलं, एकूण एक.

शपथा काय, बाजारात पैशाला पासरी मिळतात!

वस्तीतल्या बायका बसून राहिल्या, पदराचं टोक तोंडात धरून. ताईने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या जिभेची लाज वाटली असणार तिला. वाटू दे.

११ डिसेंबर

दुसरा बंधारा रद्द. दुसरा नाही तर तिसराही नाही. साहेब — "उचलली जीभ लावली टाळ्याला!" फोटो मात्र भिंतीवर तसाच.

८ जानेवारी

वरच्या गावाकडे माणूस पाठवला होता — बंधारा रिकामा करू द्या, माती काढतो, पुन्हा पहिल्यासारखा करतो. निरोप आला, थेंब सोडणार नाही. कुणी सोडेल? डोळ्यांसमोर तळं भरलेलं असताना? आता ऊन पाणी शोषून नेईल तेव्हाच तळ दिसणार. तोवर वस्तीने काय प्यायचं?

मला त्या माणसाचा इतका राग येतो की जेवण जात नाही.

१७ फेब्रुवारी

आज ताई माझ्या खोलीवर आली. इतकी वर्षं मी इथे राहते, पण ती कधी आली नव्हती. खाटेच्या कडेवर बसली, पाहुण्यासारखी. खोलीभर पाहिलं, मोजणीच्या यंत्रावरून बोट फिरवलं, धूळ होती ती पदराने पुसली. मग नळ सोडून बघितला, बंद केला, पुन्हा सोडला.

भाऊजींनी ठेकेदाराला हो म्हटलंय. वस्तीतल्या सगळ्यांनीच म्हटलंय.

मला रडू फुटलं. तिच्यापुढे नाही तर कुणापुढे रडायचं? लहानपणी आमच्या घरी दोघींच्या वाटणीचं पाणी असायचं, खेपा वाटून दिलेल्या. माझ्या खेपा तिने कधी माझ्यावर पडू दिल्या नाहीत. मी शाळेत, ती पाण्यावर. तिने हंडे वाहिले म्हणून मला नकाशे काढता आले. आणि तिच्याच विहिरीला मी पाणी लावू शकले नाही.

म्हटलं, "त्या पंपवाल्याला मी सोडणार नाही."

ती म्हणाली, "पाणी मुळात खाली जायलाच हवं होतं होय गं?"

"हो! किती वेळा सांगितलं!"

"मला नव्हतं सांगितलंस."

"सभेत सांगितलं ना. पहिल्या सभेत."

ती उठली. जाताना दारात थांबली, काहीतरी म्हणणार होती. मग नुसतं म्हणाली, "जेवत जा वेळेवर. हाडं दिसायला लागलीत." आणि गेली.

२१ मार्च

पाणी संपलं. तळ उघडा पडला.

एकटीच गेले. वरचा काळा गाळ उन्हाने सुकून पापुद्र्यांसारखा सुटत होता. एक पापुद्रा उचलला, खाली पिवळी माती. आणि तिच्यावर पाय! ठशांवर ठसे. अनवाणी, बारके, बायकांचे पाय. मध्ये मध्ये चोपण्याचे सपाट घाव. घरातली जमीन चोपून करतात तशी सुरेख केलेली, एक कोपरा सुटलेला नाही.

म्हणजे पंपवाल्याने स्वतः हात लावला नाही हे खरंच होतं की! मजुरीवर बायका लावल्या असणार. आणि त्या बायकांनाही काही वाटलं नाही? कुणाच्या तरी विहिरीचा गळा आवळताना एवढी सफाई?

कुदळ मारली. दगडासारखी झालीय. तासाभरात हाताला फोड, आणि निघालं सूपभर. पुढच्या पावसाच्या आत सगळी काढीन, एकटीने काढावी लागली तरी. पण तेव्हा खाली पाणी प्यायला कोण असेल?

३० मार्च

ट्रक गुरुवारी येणार.

३ एप्रिल

ट्रक गेला. वस्तीतल्या सगळ्या दारांना कुलपं.

ताई सगळ्यांत शेवटी चढली. चढताना माझा फोड आलेला हात हातात घेतला. म्हणाली, "पंपवाल्याची माफी माग. माती आम्ही घातली, मी आणि वस्तीतल्या सगळ्या बायकांनी. मीच त्यांना गळ घातली. सगळे तुला गाळणीबाई म्हणायचे, मला ऐकवेना. नाहीतरी पाण्याला वर जाताना हंडे रिकामेच असायचे, त्यांतूनच माती नेली."