जित्या पेशींची फिल्म

यवतमाळ,
४ ऑक्टोबर २०१७, सकाळ

प्रिय राजदीपदादा,

सप्रेम जय भीम. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तेल चोळत बसण्यापेक्षा एकदा एक्स-रे काढ. वहिनीने पाठवलेल्या कुरोड्या संपल्या. निम्म्या तर घरमालकीण सत्यभामाकाकूंनीच पळवल्या. मी बरी आहे. हे पत्र दिग्रसच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे, तो थेट दुकानात आणून देईल. तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास, अनोळखी नंबर घेत नाहीस, वहिनी उचलत नाही, म्हणून कागद.

बघ, कुरोड्यांवर पानाचा कोपरा संपला. मुद्द्यावर यायला हात धजत नाही.

आमच्या कॉलेजच्या लॅबमधलं ते सॉफ्टवेअर तुला फार आवडलं होतं. दुकानात विकतोस त्या कपाशीवर फवारायच्या घोलाची बाटली घेऊन तू आलास आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून असा बसलास, जणू क्रिकेटचीच मॅच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बशीत माणसाच्या फुफ्फुसाच्या जिवंत पेशी होत्या. सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळाने त्यांचे वरपासून खालपर्यंत, थराथराने, वेगवेगळ्या रंगांत फोटो काढतं आणि सगळे जोडून फिल्म करतं. माऊसने पेशी लिंबासारखी फिरवून बघता येते, वेळ मागेपुढे सरकवता येते. जिवंत पेशी हिरवी चमकते, एवढं मी तुला सांगितलं होतं. तुझ्या घोलाचे थेंब घातले, तरी संध्याकाळपर्यंत पडदा हिरवागार.

“पाह्य, मी म्हणत होतो ना! माहा घोल फक्त अळीलेच मारते,” असं म्हणून तू मोबाईलवर पडद्याचं शूटिंग केलंस, तेच मग गिऱ्हाइकांसाठी दुकानातल्या टीव्हीवर लावलंस. मी सांगत होते, दादा, ही कच्ची फिल्म आहे, अजून आकडे बघायचेत. घोलात काय काय आहे विचारलं तर म्हणालास, “ते धंद्याचं हाय, तुले कायले पाह्यजे?”

दुसऱ्या दिवशी आकडे बघितले, तर ते पडद्याशी जुळेनात. त्या सॉफ्टवेअरमध्ये उजेड आपोआप जुळवायची सोय असते, ती चालू राहिली होती. ती प्रत्येक फोटो वेगळा धरते आणि त्यातलं सगळ्यात उजळ जे असेल ते लख्ख करून दाखवते. मोबाईल संध्याकाळचा फोटो दुपारचा करून दाखवतो ना, तसंच. पेशी विझत चालल्या होत्या आणि ते त्यांना उजळवत बसलं होतं. मी पहिल्या फोटोचा उजेड सगळ्यांना कायम केला आणि फिल्म परत चालवली. अर्ध्यातच पडदा काळा. तळच्या थरात एखाददुसरा हिरवा ठिपका, बस.

तुला लगेच फोन केला, खरी फिल्मही पाठवली. तू म्हणालास, “आता गिऱ्हाइकाले काय सांगू, टीव्हीवर खोटं दाखवून राह्यलो म्हणून? सिझन हाय, उर्वशी. कापूस निंघू दे, मंग पाहू.” आणि त्यानंतर माझा नंबरच ब्लॉक.

दादा, भावसिंग इथे दवाखान्यात आहे. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना पाठीवर घेऊन गाडीपर्यंत नेणारा भावसिंग. रविवारी तुझ्याकडून कॅन भरून नेला आणि दुसऱ्याच्या वावरात मजुरीने फवारायला गेला. यंदाची कपाशी डोक्याच्या वर गेलेली, मारलेलं औषध तोंडावरच येतं. तो आता डोळे उघडत नाही, श्वासही मशीनवर आहे.

त्याची बायको लालीबाई रडत नाही. मला म्हणाली, “रोज तोंडाले फडकं बांधून जाये ना तो. त्या दिशी म्हणे, राहू दे, गरमी होते. राजदीपभाऊच्या टीव्हीत पाह्यलं म्हणे, माणसाच्या अंगातलं सारं जितं राह्यते.” मग मलाच विचारलं, “बाई, थे टीव्हीतले तं जिते होते ना?”

काय सांगू तिला? मी खरं तेच सांगितलं. तिने माझा हात सोडला, मग बऱ्याच वेळाने पुन्हा धरला.

मला तुझा राग येतो, दादा. माझ्या फीचे पैसे भरायला तू स्वतःचं शिक्षण सोडलंस, ते मी विसरलेले नाही. पण त्याच शिक्षणाने मला जे दिसलं, ते मी झाकणार नाही. काल कृषी अधिकाऱ्यांना खरी फिल्म आणि तुझा उरलेला घोल देऊन आले. लेखी, माझ्या सहीने. दुकानाचं नाव विचारलं, मी सांगितलं. लायसन जाईल. जाऊ दे. तुझ्या टीव्हीवर माझ्या लॅबची ती फिल्म बघून आणखी कुणी फडकं सोडणार असेल, तर मी चौकात पडदा लावून खरी फिल्म दाखवीन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टर सारखं विचारताहेत, कॅनमध्ये काय काय होतं. कॅनवर ना नाव ना चिठ्ठी. कशाचं विष आहे ते कळल्याशिवाय त्यांचे हात बांधलेले आहेत. घोल तपासून यायला आठवडे लागतील आणि भावसिंगकडे तेवढा वेळ नाही. ते मिश्रण तू स्वतः करतोस, ते फक्त तुला माहीत आहे. मीच दिग्रसला आले असते, पण लालीबाईजवळ दुसरं कुणी नाही.

डॉक्टरांचा नंबर पाकिटावर लिहिला आहे. वकिलाला नंतर विचार, वहिनीला नंतर समजाव. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर उभं राहू दे. आधी फोन लाव आणि एकेक नाव सांग. तुला मला ज्या शिव्या द्यायच्या असतील त्या भावसिंग उठून बसल्यावर, त्याच्यासमोर दे. मी ऐकून घेईन.

लालीबाईशेजारी बसलेली,
तुझी सख्खी बहीण
उर्वशी