दुसऱ्या नंबरचा बोल्ट

अणदूर, ता. ८ ऑक्टोबर १९४८

रा. रा. हिंमतराव यांस पाशामियाँचा सलाम. वि. वि.

जीव शाबूत आहे, एवढीच इकडची खुशाली. अक्षर वाकडं आलं तर नावं ठेवू नकोस. पलटणीत मराठी बाराखडी तूच शिकवलीस.

निजामशाही बुडाली आणि हत्यारं जमा करायचा हुकूम आला. पलटणीतून मिळालेली आपली ती जुनी तीनशे-तीन बंदूक घेऊन मी पहिल्याच दिवशी ठाण्यात गेलो. पण तिला बोल्ट नाही, आणि बोल्टाशिवाय बंदूक म्हणजे नुसती नळी. अंमलदारांना वाटलं, मी तो मुद्दाम लपवलाय. बोल्ट आणा आणि पोरगा न्या, असं सांगून त्यांनी आमच्या मकबूलला कोठडीत घातलं.

खरं काय ते तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात रझाकार मकबूलला बंदुकीसकट न्यायला येणार म्हणून कळलं, तेव्हा त्याच्या आईनं, मदिनाबीनं, बोल्ट काढून विहिरीत टाकला. पोरगा त्यांच्यात गेला नाही, हे त्यामुळंच. आता विहीर काठोकाठ भरलीय आणि तळाला पुरुषभर गाळ. ठाण्यात हे सांगितलं तर हसतात.

नळदुर्गच्या लोहाराकडं एक बोल्ट मिळाला. आत गेला, पण मूठ खाली बसेना. दुसऱ्या जातीच्या बंदुकीचा होता. आपल्या बंदुकांच्या खेपेतलाच पाहिजे. तुझ्या सोलापूर-बार्शीकडं ओळखी आहेत, तेवढं बघ. मदिनाबी जेवत नाही. मलाही लई भीती वाटते.

सारजावहिनींना सलाम. दोस्ती आहे तशी ठेव.

तुझा पाशामियाँ

---

बेंबळी, ता. १३ ऑक्टोबर

प्रिय पाशा यास हिंमतरावचा नमस्कार. वि. वि.

बाराखडी मी शिकवली हे कबूल, पण तुझ्या वेलांट्यांचं पाप माझ्या माथी मारू नकोस.

सिद्धलिंग तेली गाडी घेऊन तिकडं येतोय. त्याच्याकडच्या ज्वारीच्या पिशवीत हात घाल. बोल्ट आपल्या खेपेतलाच आहे, तेल देऊन ठेवलाय. बसवताना जोर करू नकोस. कुठून मिळाला ते विचारायचं नाही; नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. मुठीवर नंबर आहे, पण हत्यारांच्या एवढ्या ढिगात तो कोण वाचत बसतो.

एकटा रस्त्यानं फिरू नकोस, गावातलं कुणीतरी सोबत घे. दिवस वाईट आहेत. सारजा म्हणते, मदिनाला चार घास खायला लाव, नाहीतर ती स्वतःच येऊन भरवील.

तुम्हा सगळ्यांचा लोभ कमी होऊ नये.

हिंमतराव

---

अणदूर, ता. १९ ऑक्टोबर

रा. रा. हिंमतराव यांस सलाम. वि. वि.

बोल्ट अगदी अलगद बसला. ठाण्यात अंमलदारांनी मूठ वर-खाली करून पाहिली, खूश दिसले. मग चष्मा लावला. बंदुकीवर एक नंबर, बोल्टवर दुसरा. म्हणजे माझ्याकडं आणखी एक बंदूक आहे, असं त्यांनी ठरवलं. ती सोमवारपर्यंत आणून दिली नाही तर मकबूलला मोठ्या तुरुंगात धाडणार आहेत. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो.

तो नंबर मी ओळखला. कवायतीत तुझ्या शेजारी उभा राहून इतकी वर्षं ऐकलाय. तू स्वतःच्या बंदुकीचा बोल्ट काढून दिलास, हिंमतराव.

तुझं नाव मी घेतलं नाही आणि घेणारही नाही. मदिनाबीही म्हणाली की ज्याला भाऊबीजेला ओवाळलं त्याला पुढं करून लेक सोडवायचा नाही. एवढं बोलून ती भिंतीकडं तोंड करून बसली, ती अजून तशीच आहे.

तू इकडं फिरकू नकोस. हे पत्र जाळ. वहिनींना यातलं काही सांगू नकोस.

दुआ करत जा.

पाशामियाँ

---

ठाण्यासमोरून, ता. २३ ऑक्टोबर

प्रिय पाशा आणि मदिना यांस हिंमतरावचा नमस्कार.

हे पत्र मकबूलच्याच हाती देतोय. आधी त्याला जेवू घाला, मग वाचा.

सकाळी माझी बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात आलो. हुकूम मलाही लागू होता. पण आमच्यासारख्या देशमुखाच्या घरी बंदूक मागायला कुणी आलं नाही आणि मीही आपणहून दिली नाही. आज परत येणं होत नाही असंच धरून निघालो होतो. सारजाला सगळं सांगितलं. तिनं दोन दिवसांच्या भाकरी बांधून दिल्या.

मला खुर्ची दिली. चहा आला. अंमलदारांनी माझ्या बंदुकीचा आणि त्या बोल्टचा नंबर ताडून पाहिला, जुळला. मग तुझ्या बोल्टचं काय झालं ते विचारलं. मी विहिरीचं सांगितलं, तू सांगितलंस तेवढंच, एक शब्द जास्त नाही. त्यांनी मान डोलावली, बायका असंच करतात म्हणाले, आणि मकबूलला सोडायला सांगितलं. माझी बंदूक सवडीनं जमा केली तरी चालेल म्हणाले. मीच ती टेबलावर ठेवून उठलो.

मदिना, पोराच्या मनगटावर वळ आहेत, तेल लाव. बाहेर येऊन तो मला हात जोडायला लागला. मी त्याचे हात खाली केले.

पाशा, तू इतके दिवस हेच खरं सांगत होतास. माझं त्यांना चहा निवायच्या आत पटलं. मकबूलला सिद्धलिंगच्या गाडीत बसवून देतोय. त्याच गाडीनं तुझ्याकडं यावं म्हणून पाय उचलला होता, पण आज तुझ्यासमोर बसायची मला लाज वाटते.

तुझाच,
हिंमतराव