सुनंदाची स्वच्छ नोंद

१२ ऑगस्ट, मंगळवार

महिनाभर काही लिहिलं नाही, चुकलंच.

पैंजणांच्या आमच्या पेढीत कामाची पद्धत ठरवायला आठवडाभर प्रत्येकाचं संगणकावरचं क्लिक न् क्लिक मालकांनी टिपून घेतलं. आज त्यांनी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाची नोंद नमुना म्हणून दाखवली. ऑर्डरमागे सात क्लिक, एकदम स्वच्छ. आणि मला, "पाटील, तुम्ही मधीच भलतीकडं भटकताय की!" सगळे हसले. मी जळलो.

सात क्लिक! ती टेबलावरूनच ओरडते, "दादा, हुपरीच्या पावण्यांच्या ऑर्डरचं माप काय हाय वो?" माझं काम सोडून मी शोधून देतो. तिची शोधाशोध माझ्या नोंदीत. आता सगळ्यांनी तसंच करायचं. मग विचारणार कुणाला?

पण मालकांना नोंद चुकीची म्हणून सांगणार, की सुनंदा माझ्या पुढं गेली म्हणून? बहुतेक दोन्ही.

उद्या: मालकांच्या आधी सुनंदाशी बोलणे.