नारिंगी पॉट आणि बाकीचं सगळं

मी, कांता राजाराम रामटेके, वय सहासष्ट धरा, जन्माची नोंद कुणी केली नव्हती, मूळ नागपूरची, सध्या मुलाच्या घरी शुगर लँड, टेक्सास इथं राहणारी, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. बायपास छातीचं आहे, डोक्याचं नाही. कुणी दबाव आणलेला नाही. दबाव आहे तो लिहू नको म्हणून आहे. चौथी शिकले आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं शुद्धलेखन काढत बसू नये.

सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाला काळजी नको. मला काळजी नाही, घाई आहे.

आधी हे लिहून ठेवते की मी किचनच्या टेबलाशी बसले आहे, पॉट माझ्या पाठीमागं ओट्यावर आहे आणि त्याचा प्लग माझ्या खुर्चीमागं आहे. पॉट म्हणजे स्लो कुकर, विजेवर दिवसभर मंद शिजवतो तो. त्यात बीफ आणि बटाटे आहेत, सकाळपासून. पाच वाजता वसुधाबाई, अतुलची आई, लग्नाचं बोलायला येणार. अतुल म्हणजे ज्याच्याशी माझ्या नातीला, सीमाला, लग्न करायचं आहे तो. माझ्या मुलानं, देवानंदनं, सुनेकडून निरोप पाठवला: आईला सांग, पाचच्या आत पॉट घराबाहेर गेला पाहिजे. तो स्वतः पलीकडं हॉलमध्ये बसला आहे. टीव्ही बंद. मधे एक भिंत. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीपासून माझ्याशी थेट बोललेला नाही. मी उठल्याशिवाय प्लग निघत नाही, आणि मी उठणार नाही.

प्रल्हाद समोर बसला आहे. आमच्या नागपूरचा, मला रविवारी बुद्धवंदनेला गाडीतून नेतो. तो म्हणतो हातानं लिहिलेलं इथं चालतं, तरी दोन साक्षीदार असलेले बरे, आणि ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नाही. म्हणजे घरातलं कुणी नाही. एक प्रल्हाद. दुसरा बघू.

नागपूरचं घर. दोन खोल्या आणि मोरी. माझ्या नवऱ्यानं गिरणीतून सुटल्यावर स्वतः विटा चढवून बांधलं. ते माझ्या नणंदेच्या मुलीला, रेखाला. तीच राहते, तीच गळती बुजवते. देवानंदनं विकायचं नाव काढू नये. त्याला एक भिंतसुद्धा मिळणार नाही आणि त्याला ती नकोच आहे, मला माहीत आहे.

बँकेत जे असेल ते सीमाला. शाळेच्या कॅन्टीनमध्ये ट्रे धुतले त्याचे आहेत. लग्नासाठी नाहीत. लग्न झालं तरी तिचे, मोडलं तरी तिचे. ती आत्ताच येऊन म्हणाली, "आजी, प्लीज, नॉट टुडे." मी म्हटलं, सोमवारनंतरचं कुणी पाहिलं? रडत वर गेली. पैसे तरी तिलाच.

शिलाई मशीन शीलाला, माझ्या सुनेला. तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही आणि नवऱ्यालाही दिलं नाही. मशीन घे आणि निदान एकदा कुणाला तरी उलट बोल. मिठाचा डबा फ्रीजच्या वर लपवतेस तोही मला माहीत आहे.

बाबासाहेबांचा फोटो. हा मी छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली त्यानंतर घेतलेला. आधी हॉलमध्ये होता. इथल्या मराठी मंडळातली माणसं येऊ लागली तसा जिन्यात गेला, मग माझ्या खोलीत. आता तो कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे आहे. मी गेल्यावर परत हॉलमध्ये लावायचा. खिळा तिथंच आहे, त्याच्यावर आता कसलंतरी कॅलेंडर आहे.

आडनाव. हे देता येत नाही असं प्रल्हाद म्हणतो, तरी लिहिते. माझं रामटेके आहे. देवानंदनं टेके कापून राम केलं. दारावर राम, टपालपेटीवर राम. अमेरिकन लोकांना म्हणता येत नाही म्हणे. त्यांना ह्यूस्टन म्हणता येतं तर हेही आलं असतं. ऑफिसातल्या लोकांसाठी कापलं नाही, मराठी लोकांसाठी कापलं. राम म्हटल्यावर पुढचं कुणी विचारत नाही, आपल्याच मनानं काय ते धरून चालतात. तो नाही म्हणत नाही. नोकरी टिकली आहे, तेलाचे भाव पडून कितीतरी इंजिनियर घरी बसलेत, मान्य. पण नोकरी आडनावावर टिकलेली नाही.

आता पॉट.

नारिंगी आहे, पांढरी फुलं आहेत, झाकणाला टवका गेलाय. गराज सेलमध्ये घेतला, लोक घरातलं जुनं विकायला मांडतात तिथं. माझ्यासारख्या बाईला, जी दिवसभर दुसरीकडं ट्रे धुते, तिला ही वस्तू कळली. सकाळी लावा आणि कामाला जा. हलवायचं नाही, फुंकायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही. कॅन्टीनमधल्या मेक्सिकन बाईनं शिकवलं की बटाटे खाली घालायचे. मी आधी वर घालायचे, गॅसवर घालतात तसे, आणि मांस मऊ व्हायचं पण बटाटा दाताखाली कच्चा. ह्या पॉटमध्ये खालून आणि बाजूनं धग असते, म्हणून बटाटा खाली.

तेव्हा ज्याला पॉट मिळेल त्यानं असं करायचं. मांस खांद्याकडचं घ्यायचं, इथं चक म्हणतात. स्वस्त, चिवट, मधे चरबीची रेघ. महागाचं आणू नका, त्याचा भुसा होतो. मोठे तुकडे. तव्यावर तेलात चारी बाजूंनी लाल करायचे, आळस करायचा नाही, चव तिथंच येते. त्याच तेलात कांदा, आलं-लसूण, भाजून वाटलेलं सुकं खोबरं आणि खसखस, आपला काळा मसाला. बटाटे सालासकट अर्धे कापून तळाशी. वर मांस, वर मसाला. पाणी वाटीभर, जास्त नाही, मांस स्वतःचं पाणी सोडतं. लो वर लावायचं. आणि झाकण काढायचं नाही. बघायला नाही, वास घ्यायला नाही. एकदा काढलं की आतली धग जाते आणि परत यायला फार वेळ लागतो. काटा घालून फिरवला की मांस आपोआप सुटलं पाहिजे, ओढावं लागलं तर अजून व्हायचंय. मीठ शेवटी. माझ्यासाठी कमी करता, तसं करू नका.

हे सगळं देवानंदला लहानपणापासून आवडतं. नागपुरात चुलीवर शिजायचं तेव्हा आधी त्याचं ताट यायचं. इथं आल्यावर आधी म्हणाला, खिडक्या उघड. मग म्हणाला, गराजमध्ये लाव. मी गराजमध्येही लावला, लॉनमोअरच्या शेजारी. एक दिवस मला म्हणाला, "आई, हे सोडायलाच तर आपण एवढ्या लांब आलो."

मी म्हटलं, सोडायचं होतं ते सोडलं. मेलेलं जनावर ओढणं सोडलं, ते खाणं सोडलं. हे दुकानातून विकत आणलेलं आहे, अख्खं टेक्सास खातं, तुझा बॉस खातो, तूही त्याच्याबरोबर बसून खातोस. तू हे सोडलेलं नाहीस. लपवलं आहेस.

लेबर डेचं लिहिलं पाहिजे, नाहीतर मी गेल्यावर वेगळं सांगितलं जाईल.

घरी पॉटलक होतं, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ करून आणायचा. मंडळातली चार-पाच घरं. पॉट गराजमध्येच होता. पाहुणे गाड्या लावून गराजमधून आत आले, त्यात कुणाला तरी वाटलं हा पॉटही टेबलावर जायचा राहून गेला, आणि उचलून आणून मधोमध ठेवला. वसुधाबाईंनी झाकण काढून विचारलं, हे काय आहे, वास फार छान आहे. देवानंद पटकन म्हणाला, "मटण आहे, आईच्या हातचं." वसुधाबाई म्हणाल्या, आम्ही मटण खातो हो, आणि ताटात वाढून घेतलं. पहिला घास हातात घेतला.

मी म्हटलं, "बाई, थांबा. ताट खाली ठेवा. ते बीफ आहे."

बस, एवढंच बोलले. कुणी म्हणेल मुलाची इज्जत घालवली. एखाद्याला खोटं सांगून त्याच्या तोंडात घास घालायचा, हे मला जमत नाही. तुम्ही खा, नका खाऊ, माहीत असून काय ते करा. वसुधाबाईंनी ताट ठेवलं, बराच वेळ हात धुतले आणि नवऱ्याला घेऊन गेल्या. बाकीचे केक न खाताच गेले. देवानंद सिंकपाशी उभा राहून म्हणाला, "सीमाचं लग्न मोडलंस तू." तेव्हापासून शीलामार्फत. आईला विचार चहा हवा का. आईला सांग गाडी काढली.

ऑपरेशनचं कळल्यावरही शीलामार्फतच. आईला म्हणावं घाबरू नको.

म्हणून पॉट देवानंदला. घर नाही, पैसे नाहीत, पॉट. आणि हे कलम मी मेल्यावर लागू नाही, आजच लागू आहे. त्यानं इथं येऊन घ्यावा आणि खाली पूर्ण आडनावानं पोच लिहावी. नाही घेतला तर प्रल्हादनं न्यावा. प्रल्हाद म्हणतो मला काही मिळालं तर माझी सही चालायची नाही. तर मग पलीकडच्या अमेरिकन बाईला द्या. ती विचारत असते कसला वास.

मी गेले तर रडारड नको, भाषणं नकोत. वंदना घ्यावी, आणि जे लोक येतील त्यांना ह्याच पॉटमधलं वाढावं, काय आहे ते आधी नाव घेऊन सांगून. नको असेल त्याला वरणभात.

पुढचं नंतर लिहिलं आहे. मधे बेल वाजली.

वसुधाबाई पाचच्या आधीच आल्या, एकट्या. देवानंदनं दार उघडलं. हॉलमध्ये बसा, बसा, असं म्हणत होता, पण त्या वासावर सरळ किचनमध्ये आल्या. माझ्याकडं बघितलं, पॉटकडं बघितलं.

"आज काय आहे, काकू?"

"तेच आहे," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी शीलानं बटाटेवडे केलेत."

त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, त्या दिवशी मला राग बीफचा आला नव्हता. मटण म्हणून सांगितलं त्याचा आला. घरी जाऊन ह्यांना म्हटलं, त्या घरात खरं बोलणारी एकच बाई आहे आणि तिच्याशी आपण न बोलता निघून आलो. मी म्हटलं, बरं, मग एक सही करा, मला साक्षीदार पाहिजे. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान हातात घेतलं. मी म्हटलं, सगळं वाचायची गरज नाही. पण पहिली ओळ वाचलीच.

"रामटेके? दारावर तर राम आहे."

देवानंद दारात उभा होता. प्रल्हादनं तोंड उघडलं, मी त्याला गप्प केलं. शीलाच्या हातातली ताटली तशीच राहिली. जिन्यात सीमा येऊन उभी होती. वसुधाबाईंनी मान वळवून देवानंदकडं बघितलं. मला वाटलं आता तो अमेरिकन लोकांच्या उच्चाराचं काढणार.

"रामटेकेच आहे," तो म्हणाला. "मी कापलं. मटणही मीच म्हणालो."

"हं," वसुधाबाई म्हणाल्या. "सीमानं अतुलला सांगितलंय कधीच. मी विचारणार नव्हते." आणि पेन उचलून सही केली. लग्नाचं हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. अतुलच्या वडिलांशी बोलते म्हणाल्या. ते बोलतील तेव्हा बोलतील.

देवानंद माझ्या खुर्चीपाशी आला. मला वाटलं प्लग काढतो. मी जागची हलले नाही. त्यानं हात माझ्या डोक्यावरून पलीकडं नेला आणि झाकण उचललं. किचनभर वाफ झाली. काटा घेतला, एका तुकड्यात घालून फिरवला, सुटला. पाहुणीसमोर उभ्याउभ्या खाल्ला. मग खालचा बटाटा काढला, तोही खाल्ला.

"आई," तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

मी म्हटलं, डबा फ्रीजच्या वर आहे, घे की.

वरचं सगळं मी शुद्धीवर लिहिलं आहे आणि पुन्हा वाचलं आहे. बदलायचं काही नाही.

कांता राजाराम रामटेके

साक्षीदार:
प्रल्हाद वासनिक
वसुधा हेमचंद्र टिळेकर

शुगर लँड, टेक्सास
शनिवार, ८ नोव्हेंबर १९८६

पॉट मिळाला, चालू स्थितीत. झाकणाला टवका आहे. मीठ घातलं.
देवानंद राजाराम रामटेके