तुरीवरची अळी

वडनेर,
ता. ११ डिसेंबर १९८३

चि. नलूस,

तुझ्या जयवंताताईचे अनेक आशीर्वाद. आई-बाबांना नमस्कार सांग. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नको. उजवा हात जरा दुखावलाय, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे.

साक्षगंधाची तयारी कुठवर आली? वासुदेवचा नवा सदरा शिवून आला. सारखा आरशात बघतो. माझ्या धाकट्या दिराला तुला द्यायची, दोघी बहिणी एका घरात नांदतील, म्हणून बाबा खूश आहेत. मीही होते.

यंदा तुरीवर अळी फार. शेंगेत डोकं खुपसते आणि दाणा पोखरते. झाडाखाली पोतं अंथरायचं, झाड गदगदा हलवायचं आणि पडलेल्या अळ्या रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डब्यात टाकायच्या. सासूबाई आणि मी रोज तेच करतो. परवा मी कोरड्याच डब्यात टाकल्या. रेशनचं रॉकेल संपत आलं होतं, आणि झाकण लावलं की अळ्या आपोआप मरतील असं वाटलं.

दुपारी तुझ्या भाऊजींनी झाकण उघडलं. निम्म्याच उरल्या होत्या आणि त्या एकमेकींना खात होत्या. शाळेत असताना तू अंडी, अळी, कोष, पाखरू असं घोकायचीस. कोंडलेली अळी आपल्याच बहिणीला खाते, हे तुझ्या पुस्तकात नव्हतं.

"जित्या काऊन ठेवल्या? पाखरं पाळून राह्यली काय?" म्हणाले, आणि बैलबंडीची उभारी, तो जाड दांडा, उपसून मारायला लागले. डोकं वाचवायला हात मध्ये घातला, तो मोडला.

ते मारतात हे तुला कधी लिहिलं नाही. आता पुढचं वाच.

बाटलीत राखलेलं रॉकेल त्यांनी माझ्या डोक्यावर ओतलं. "वासुदेव, आगपेटी दे," म्हणाले. वासुदेवनं खिशातून काढून दिली. घाबरला नव्हता, रागावलाही नव्हता. कुणी बिडीसाठी मागितली की देतो, तशी दिली. सासूबाईंनी झडप घालून ती हिसकावली आणि विहिरीत फेकली. तेव्हा तो म्हणाला, "माय, काऊन फेकली? नवीन होती."

दोन दिवस मी पत्र लिहिलं नाही. तू आलीस तर या घरात माझं कुणीतरी होईल, हा लोभ सुटत नव्हता. मग तो डबा आठवला आणि माझीच मला किळस आली.

नलू, हे साक्षगंध मोड. बाबा ओरडतील, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. हे पत्र बाबांच्या हातात दे. विश्वास बसत नसेल तर त्यांनी इथे येऊन माझा हात बघावा. केसांचा वास अजून गेलेला नाही. आणि जाताना मला सोबत न्यावं.

पत्र सासूबाईच पेटीत टाकणार आहेत. मुलगे त्यांचे आहेत, तरी मी लिहिते आहे तोवर दारात बसून आहेत. मघाशी म्हणाल्या, "खरं लिह्यजो, पोरी. आगपेटी काय, दुकानात आणखी भेटते."

बाबांची वाट पाहणारी, अजून तुझी असलेली,
जयवंताताई