मागची सीट

नागापूर, अहिल्यानगर
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय लिडिया,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझी खुशाली देवालाच विचारतो, कारण तुला विचारायची सोय तू ठेवली नाहीस. फोन उचलत नाहीस, अकरा नाताळांची अकरा कार्डं गेली, एकाचंही उत्तर नाही. पत्त्यावर अहिल्यानगर लिहिलंय खरं, पण तोंडात अजून नगरच येतं. सवयी इतक्या लवकर सुटत नाहीत, भावाला रागावण्याची सवयसुद्धा.

एंजेला बरी आहे. वहिनी म्हणून तुझी रोज आठवण काढते आणि माझ्यावर डाफरते. चर्चला नवा रंग दिलाय, इतका गुलाबी की येणाऱ्याजाणाऱ्याला आइस्क्रीमचं दुकान वाटतं. मी कमिटीत असतो तर होऊ दिलं नसतं. निवडणुकीच्या भोंग्यांनी कान किटले आहेत. शेवगावात तुझ्या शाळेसमोरही तोच तमाशा असेल.

आता मुद्द्याचं. तुला वाटत असेल, विमानांचं काम मी कायमचं सोडलं. सोडलं होतं. चार वर्षांपूर्वी रंगनाथरावांनी दुसरं हार्वर्ड विमान आणलं आणि मी परत गेलो. हे सांगायला चार वर्षं लागली, याची लाज वाटते. जामखेडच्या अलीकडची त्यांची ती धावपट्टी, ती शेड, सगळं तिथंच आहे. फक्त पडलेल्या विमानाच्या जागी तसलंच दुसरं उभं आहे. त्याच पिवळ्या रंगाचं.

माझं म्हणणं तुला माहीत आहे. ऐंशी वर्षांचं लढाईच्या काळातलं यंत्र, त्याचे भाग आता जगात कुठं बनत नाहीत, ते झाकून ठेवावं, पोरांना दाखवावं. नगरच्या संग्रहालयात रणगाडे उभे आहेत, तिथं कुणी म्हणतं का की गोळा डागून दाखवा? रंगनाथराव म्हणतात, "दानीएल, रणगाडा उभा राहिला तरी रणगाडाच. विमान उभं राहिलं की पत्रा होतो. इंजिन फिरवलं नाही तर आतून गंजतं, हे तूच मला शिकवलंस." हे खरं आहे, मीच शिकवलं. वायुसेनेत बावीस वर्षं इंजिनं उघडली, तिथं हेच पहिलं शिकवतात. त्यामुळं वाद माझ्यावरच उलटतो.

बिभीषण, तिथला राखणदार, तुला आठवत असेल. त्याचं मत सगळ्यांत सोपं आहे. "भाऊ, इमान हुबंच बरं हाय. त्यो आवाज झाला की म्हशी दूध चोरत्यात."

तर रंगनाथसाहेबांनी तारीख ठरवली आहे, २४ नोव्हेंबर, अपघाताचीच. यंदाही त्या दिवशी रविवारच येतो. विमानाच्या बाजूला तुझ्या अँड्र्यूचं नाव लिहायचं आणि एक फेरी मारायची, असं त्यांच्या मनात आहे. तुझी परवानगी विचार म्हणाले. ती विचारण्यासाठीच हे पत्र.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. अँड्र्यू काम संपलं की मागच्या सीटचे पट्टे कसे ठेवायचा, आठवतं? सीटवर फुली करून, डावा वर, बकल आत दुमडलेलं. दुसरं कुणी तसं ठेवत नाही. जून महिन्यापासून सकाळी शेड उघडतो तर पट्टे तसेच असतात. पहिल्या दिवशी मी शिडीवरून खाली आलो आणि बराच वेळ चाकाला धरून उभा राहिलो. मी भित्रा नाही, पण तेव्हापासून त्या सीटकडे पाठ करून काम करता येत नाही.

नाव लिहायचं का, एवढं एका ओळीत कळव.

तुझा दादा

---

नागापूर
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय लिडिया,

सलाम. तुझी ओळ आली नाही. येणार नाही हे मी धरलंच होतं, कारण मागचं पत्र लबाडीचं होतं.

पट्टे कोण ठेवतं हे मला तेव्हाच माहीत होतं. पहिले तीन दिवस घाबरलो ते खरं. चौथ्या दिवशी शिडीवर नॅन्सीला पाहिलं. "पप्पा असेच ठेवायचे ना, मामा?" म्हणाली. तुझी पोरगी तुला वाटतं तशी नागापूरच्या कारखान्यात नाही, लिडिया. डिप्लोमा झाल्यावर ती सरळ रंगनाथरावांच्या दारात गेली आणि म्हणाली, माझे वडील ज्यावर गेले ते मला शिकायचंय. साहेबांना नाही म्हणता आलं नाही, आणि मला तुला सांगता आलं नाही. तिच्या हाताला अँड्र्यूसारखीच अक्कल आहे. पान्याला जोर लावत नाही, वाट बघते.

पण याहून मोठी गोष्ट राहिली आहे.

आमच्या शेडचा नियम तुला ठाऊक आहे. उड्डाणाआधी वहीत ज्यानं सही केली, त्यानंच पहिल्या फेरीला मागच्या सीटवर बसायचं. कायद्यात असं काही नाही. हा नियम मीच घातला होता, मोठ्या तोऱ्यात. म्हणायचो, ज्याला स्वतःचा जीव पणाला लावायचा असतो, तो नट दोनदा बघतो.

यंदाही सही माझीच लागणार, लायसन्स माझं आहे. पण गेल्या वर्षी माझ्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. मागं बसायला डॉक्टर नको म्हणतात, साहेबही नको म्हणतात. उडवायला पुण्याहून कॅप्टन येणार आहेत. तर परवा नॅन्सी म्हणाली, "मामा, तुमच्या जागी मी बसते. पप्पा बसले होते तसं."

पप्पा बसले होते तसं. माझ्या हातातली बरणी पडली, तेल सगळीकडे झालं. ती फडकं घेऊन पुसायला लागली, आणि मला त्या फडक्याकडे बघवेना.

आता नीट ऐक. दोन हजार तेराचा तो शनिवार. दुपारी मी इंजिनच्या तेलाची जाळी काढली. रोजचंच काम. जाळीत बारीक पितळी चमक होती. रांगोळीत मिसळतात ना, तशी चमकी, चिमूटभर. याचा अर्थ आत कुठंतरी बेअरिंग झिजतंय. अशा वेळी विमान बंद करायचं, तेल काढायचं, इंजिन उघडायचं, यात दुसरं मत नाही. मी जाळी फडक्यानं पुसली. दहा मिनिटं इंजिन फिरवलं. परत बघितली, स्वच्छ. आणि सही केली.

का केली, हे अकरा वर्षं स्वतःला विचारतोय. साहेबांचे पाहुणे मुंबईहून निघाले होते. मंडप घातला होता. उडवायचं नाही असं मी सहा महिने ओरडत होतो, आता ऐनवेळी नाही म्हटलं तर सगळे म्हणणार, दानीएलला निमित्तच हवं होतं. मला हट्टी म्हटलेलं चालतं, खोटारडा म्हटलेलं चालत नाही. म्हणून मी खोटं केलं.

दुसऱ्या दिवशी मी का बसलो नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. चर्चमध्ये सुगीचा सण होता आणि अर्पण आलेल्या धान्याभाज्यांचा लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे होतं. मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणालेही, देवानं दानीएलला आपल्या कामासाठी राखलं. लिडिया, ते काम माझ्याकडे नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी पाळकांच्या घरी गेलो आणि मागून घेतलं. मग अँड्र्यूला म्हणालो, तू बस, तुला कधीची हौस आहे. तो पोरासारखा हसला.

मी भोपळा हातात धरून बोली वाढवत होतो तेव्हा बिभीषणचा फोन आला, विमान पडलं. रंगनाथराव पुढं होते, पाय मोडला पण वाचले. अँड्र्यू जागीच गेला. इंजिन जळून गेलं, म्हणून चौकशीच्या कागदावर आलं की कारण निश्चित सांगता येत नाही.

निश्चित सांगता येत होतं. मी सांगितलं नाही.

माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. उद्या साहेबांना आणि नॅन्सीला सांगणार आहे. आधी तुला सांगायचं होतं.

दानीएलदादा

---

नागापूर
२५ नोव्हेंबर २०२४

लिडिया,

तुझं पाकीट मंगळवारी पोचलं.

उद्या सांगतो असं तुला लिहिलं होतं. चार दिवस नाही सांगितलं. रोज सकाळी ठरवून जायचो आणि नॅन्सी चहा पुढं करायची. मग पाकीट आलं. मी ते एंजेलासमोर फोडलं, आणि आत ते जाळी पुसलेलं फडकं निघालं. निळ्या चौकड्यांचं. माझंच. प्लास्टिकच्या पिशवीत तू ते असं ठेवलं होतंस की चमकी अजून त्याला चिकटलेली आहे.

तुझ्या चार ओळी मला पाठ झाल्यात. "दादा, हे त्यांनी शनिवारी घरी आणलं आणि दिव्याखाली मला दाखवलं. मी म्हणाले, जाऊ नका. ते म्हणाले, दानीएलनं बघून सही केलीय, मग मला कसली भीती. तू कधी सांगतोस याची अकरा वर्षं वाट बघितली, आता नॅन्सीला सांग."

म्हणजे त्याला माहीत होतं. तू पहिल्यापासून जाणत होतीस. मातीच्या दिवशी माझ्या हातातून तू हात काढून घेतलास, तेव्हा मला वाटलं दुःखानं काढला.

तरीही मी शनिवारपर्यंत गप्पच होतो. शनिवारी वही उघडली, साहेबांनी पेन पुढं केलं. अँड्र्यूचं नाव रंगवलेलं नव्हतं, तुझा होकार नाही म्हणून. खडूनं आखून तेवढं ठेवलं होतं. मी खिशातून पिशवी काढून वहीवर ठेवली.

नॅन्सीनं फडकं दाराशी उजेडात नेलं. तिला एक क्षणही लागला नाही. "बेअरिंगचं आहे. मामा, हे कुठल्या इंजिनचं?" मग मी सगळं सांगितलं. लिलावाचंही. तिनं ओरडावं म्हणून मी थांबत होतो.

ओरडले ते रंगनाथराव. ओरडले म्हणजे काय, म्हातारा माणूस काठी टाकून खालीच बसला. "अकरा वर्षं मला वाटतंय माझा हात चुकला. आवाज बदलल्यावर मी परत धावपट्टीकडे वळलो, वळायला नको होतं, म्हणून तो गेला. हे विमान मी कशासाठी आणलं असं वाटतं तुला? एकदा वर जाऊन नीट खाली आलं तर झोप लागेल म्हणून! आणि तू रोज माझ्याबरोबर जेवत होतास, दानीएल!"

एका माणसाला मारलं एवढंच मी मोजत होतो. दुसऱ्याला रोज मारत होतो, तिकडे बघितलंही नव्हतं.

दाराशी बिभीषण होता. त्यानं विचारलं, "मंग सायेब, उद्याच्याला इमान उडायचं न्हाई व्हय?"

"नाही," साहेब म्हणाले. "उभंच राहील. आता उडवून मला काही बघायचं नाही." पुण्याच्या कॅप्टनला त्यांनी माझ्यासमोर फोन केला. वादात मी जिंकलो म्हणायचं. असं जिंकणं वैऱ्यालाही नको.

नॅन्सी शिडी चढून मागच्या सीटवर जाऊन बसली. पट्टे लावले. तासभर तशीच होती, खालून फक्त तिचं डोकं दिसत होतं, आणि मागून ते अँड्र्यूचं डोकं आहे, लिडिया, तसेच केस, तशीच मान. मग उतरली, फडकं पिशवीत घातलं आणि गाडी काढून गेली. माझ्याकडे बघितलं नाही. पट्टे पहिल्यांदाच तसेच लोंबत राहिले.

काल रविवार होता. मी चर्चला गेलो नाही, शेडवर गेलो. स्प्रिंगा असल्या तरी शिडी चढलो आणि त्या सीटवर बसलो. जागा फार अरुंद आहे. पुढचं काही दिसत नाही, पुढच्या माणसाची पाठ दिसणार तेवढीच. मागच्याला काही करता येत नाही, त्यानं फक्त विश्वास ठेवायचा. हा नियम करताना मी एकदाही तिथं डोळे उघडे ठेवून बसलो नव्हतो बहुतेक.

साडेदहा वाजले. शेडमध्ये इंजिन थंड होतं, तरी मला आवाज ऐकू आला. आधी नीट, मग बदललेला. त्याला कळलं असणार. चमकी त्यानं पाहिली होती, फडकं त्याच्या घरी होतं. आवाज बदलल्याबरोबर त्याला कळलं असणार की दानीएलनं बघितलं होतं, आणि तरी सही केली होती.

उतरताना पट्ट्यांची फुली करून बघितली. डावा वर, बकल आत. चारदा केली, जमली नाही. तशीच ठेवली.

आज सकाळी नॅन्सीनं एंजेलाला निरोप पाठवला, मला नाही. ती बुधवारी शेवगावला येतेय, तुझ्याकडे. तिला काही विचारू नकोस, आधी जेवू घाल. फडकं तिच्याकडेच आहे, ते तिचंच राहू दे.

लायसन्सचा कागद आणि सगळी हकीकत लिहून चौकशीवाल्यांकडे आज रजिस्टरनं पाठवली. पुढं जे व्हायचं ते होईल. विमानाच्या वहीत माझी सही पुन्हा होणार नाही. ही शेवटची तुझ्या पत्राखाली करतो.

सही केली आणि बसला नाही तो,
दानीएल