थॉमस या नावाचा अर्थ

प्रिय नीरू,

परवा ठाकुर्लीला तुझ्या इमारतीखाली येऊन तशीच परत फिरले. वर आले असते तर बाळाला घेऊन बसले असते आणि बोलायचं राहूनच गेलं असतं. म्हणून लिहितेय. इथे नौपाड्यात सगळं ठीक आहे, बाबांचा गुडघा सोडला तर. माझाच पाय एका जागी ठरत नाही. भाजी निवडायला घेते, अर्धी टाकून उठते.

बिजूशी तुझं लग्न ठरलं तेव्हा बाबा त्याचं आडनाव 'वर्गीस, वर्गीस' म्हणत घरभर येरझाऱ्या घालायचे, आठवतं? तेव्हापासून मला या संतांच्या नावांचा नाद लागला. वर्गीस म्हणजे जॉर्जच. ग्रीकमधून सिरियाक भाषेत आणि तिथून मल्याळममध्ये आलेला. अर्थ शेतकरी. खडवलीला भात लावणाऱ्यांची नातवंडं आपण! बाबा हसले आणि त्यांचा राग तिथेच विरला. मथाई म्हणजे मॅथ्यू, देवाने दिलेला, म्हणजे तर आपला देवदत्त.

मग विहीणबाई म्हणाल्या, त्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, थॉमस. मी त्याचंही मूळ शोधलं, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. शब्द अरामी भाषेतला आहे. अर्थ, जुळा.

तुझ्या बाळंतपणानंतर हा शब्द घरात कुणी उच्चारलेला नाही. एक तरी हाती लागला, असं म्हणून सगळ्यांनी विषय मिटवला आणि तूही मान हलवलीस. मला वाटलं, विहीणबाईंना अर्थ ठाऊक नसेल. बाप्तिस्म्याचे कपडे घ्यायला त्या ठाण्याला आल्या तेव्हा दुकानाबाहेर चाचरत सांगितलं. त्यांनी पिशवीतल्या झबल्याची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाल्या, "माहीत आहे मला. हे नाव घेतलं की दोघांचं घेतल्यासारखं होतं."

पण तुला ते रोज सोसेल का, ही धास्ती त्यांनाही आहे. त्या पडल्या सासू, त्यांना तू नाही म्हणणार नाहीस. म्हणून विचारायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. नको असेल तर मथाई ठेवू, कुणी कारण विचारणार नाही. बाप्तिस्मा रविवारी आहे, त्याच्या आत कळव. आणि अजून एक. तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा तो दुसरा नर्सबाईंनी माझ्या हातात दिला होता. बिजूला आत यायचा धीर झाला नाही. तुला तो पाहायला मिळणार नाही हे मला कळत होतं, म्हणून मी त्याला नीट पाहून ठेवलं, नीरू. हनुवटी तुझी होती. बाकीचं तू विचारशील तेव्हा सांगेन.

तुझीच,
आई